उष्णतेची मोट : थंड देशांतील घरे आणि हीट पंप

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान. संपादकांच्या आज्ञेवरून स्मरणिकेसाठी लिहून काढले.)



या व्यासपीठावरून प्रतिवर्षी आपण इतिहास, संतवाङ्मय, आरोग्य, शिक्षण अशा विषयांवर विद्वानांची व्याख्याने ऐकत आला आहात. त्या मालिकेत आमच्यासारख्या एका सामान्य अभियंत्याने उभे राहावे आणि तेही हिमप्रदेशातील घरे उबदार कशी ठेवावीत असा विषय घेऊन, याचे कित्येकांस नवल वाटेल. पुण्याचा पारा दहा-बारा अंशांवर उतरला की आपण कानटोप्या शोधू लागतो. या शहरात उणे वीस अंशांच्या थंडीची चर्चा कशासाठी, असा प्रश्न कोणी केला तर तो गैर म्हणता येणार नाही.

परंतु मंडळाच्या सभासदसूचीतील पत्ते पाहावेत. ज्या घरांतील मुले पूर्वी फार तर मुंबईस किंवा इंदुरास नोकरीस जात, त्या घरांतील मुले-मुली आज कॅनडात, जर्मनीत, स्वीडनात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात संसार थाटून आहेत. ती तेथे कर्ज काढून घरे घेतात आणि वृद्ध आईवडिलांस मोठ्या हौसेने बोलावून नेतात. ज्या देशात वर्षातील सहा-सात महिने घर तापवावे लागते, तेथे घर घेणे म्हणजे भिंती आणि छप्पर घेणे एवढेच नव्हे. त्या घराची ऊब कोठून येते, तिला काय पडते आणि ती ऐन वेळी दगा तर देणार नाही ना, हे पाहणे त्यात आलेच. आम्ही ते पाहिले नाही. त्याचा भुर्दंड आमच्या मातोश्रींस सोसावा लागला. तो प्रसंग पुढे सांगणारच आहोत. तो सांगण्यासाठीच हा विषय निवडला, असे म्हटले तरी चालेल.

आमचे वास्तव्य २००६ सालापासून नॉर्वे देशात, म्योसा नावाच्या मोठ्या सरोवराकाठच्या हामार या गावाजवळ आहे. समुद्रकिनाऱ्यावरील नॉर्वेत आखाती प्रवाहामुळे थंडी पुष्कळ सौम्य असते. पण आमचा भाग पडला अंतर्भागातला. तेथे हिवाळ्यात उणे वीस अंश ही काही वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी नव्हे. या देशाची बहुतेक वीज धबधब्यांच्या आणि धरणांच्या पाण्यापासून होते, आणि पुष्कळ वर्षे ती स्वस्त असल्यामुळे घरोघरी भिंतीवर विजेचे तापक लावण्याची रीत पडली. जोडीला दिवाणखान्यात लाकडे जाळण्याची बिडाची शेगडी असते. आपल्याकडे न्हाणीघरात तांब्याचा बंब असे, तितकीच ती तिकडच्या घरात मानाची वस्तू.

विजेच्या तापकाचा हिशेब सरळ आहे. एक युनिट वीज घातली की एक युनिट उष्णता मिळते, त्याहून अधिक मिळणे निसर्गाच्या नियमाबाहेर आहे. मग हीट पंप नावाचे यंत्र एक युनिट वीज घेऊन तीन युनिट उष्णता देते, असे जेव्हा विक्रेता सांगतो, तेव्हा ऐकणाऱ्यास ती थाप वाटते. आम्हांसही, अभियंता असून, क्षणभर तसेच वाटले होते. ती थाप नव्हे. मात्र तिच्यात एक अट दडलेली आहे, आणि ती अट समजणे हेच या विषयाचे सार होय.

हे यंत्र उष्णता निर्माण करीत नाही, ती उपसते. आमच्या मातोश्रींचे बालपण सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात, विहिरीवरच्या मोटेच्या आवाजात गेले. त्यांनी एकदा आम्हांस विचारले, "हे यंत्र ऊब आणते तरी कोठून?" आम्ही म्हणालो, "बाहेरच्या हवेतून." त्यावर थोडा विचार करून त्या म्हणाल्या, "म्हणजे मोटच की रे ही!" या उपमेहून चांगली उपमा आम्हांस अद्याप सापडलेली नाही. मोट ओढणारे बैल पाणी निर्माण करीत नाहीत. पाणी विहिरीत असतेच. बैल धावेवरून खाली उतरतात, नाडा ताणला जातो, मोट वर येते आणि पाणी थारोळ्यात पडते. बैलांचे कष्ट पाण्यासाठी नसून पाणी उचलण्यासाठी असतात. त्याचप्रमाणे हीट पंपाची वीज उष्णतेसाठी नसून उष्णता खालच्या तापमानावरून वरच्या तापमानावर उचलण्यासाठी खर्च होते.

आता ही मोट कशी चालते ते पाहू. आपल्या घरातील रेफ्रिजरेटरच्या मागील जाळीस हात लावून पाहिल्यास ती कोमट लागते. आतील भाजीपाल्याची उष्णता काढून ती त्या जाळीवाटे स्वयंपाकघरात टाकण्याचे काम ते कपाट अहोरात्र करीत असते. हीट पंप म्हणजे असाच रेफ्रिजरेटर, की ज्याच्या आतील बाजूस सारे आकाश आहे आणि मागील बाजूस आपला दिवाणखाना आहे. त्याच्या नळ्यांतून अतिशय कमी तापमानास उकळणारा एक द्रव फिरत असतो. पाणी शंभर अंशांस उकळते. प्रोपेन हा वायू, जो अलीकडच्या पुष्कळ यंत्रांत वापरतात, तो साध्या दाबाखाली द्रवरूपात असला तर उणे ४२ अंशांसच उकळतो. बाहेरच्या नळ्यांतील दाब कमी ठेवून हा द्रव बाहेरच्या हवेहूनही थंड केला जातो. त्यामुळे उणे पंधरा अंशांची हवासुद्धा त्याच्या दृष्टीने ऊनच ठरते. तिच्यातील उष्णता शोषून तो उकळतो आणि त्याची वाफ होते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे नळकांडे तापते हे आपण सर्वांनी अनुभवलेले आहे, तशीच ही दाबलेली वाफ तापते. ती घरातील नळ्यांत येऊन पुन्हा द्रव होते आणि द्रव होताना आपली उष्णता घरास देते. नंतर एका बारीक झडपेतून जाताना तिचा दाब उतरतो, ती पुन्हा थंडगार होते आणि फेरा नव्याने सुरू होतो.

गोठलेल्या हवेत उष्णता असते तरी कोठे, अशी शंका येईल. आपण शून्य अंश म्हणतो ते केवळ पाणी गोठण्याचे तापमान. निसर्गाचे खरे शून्य त्याच्याही खाली, उणे २७३ अंशांवर आहे. त्या दृष्टीने पाहता उणे वीस अंशांच्या हवेतही २५३ अंश शिल्लक असतात. विहीर आटलेली नसते. पाणी खोल गेलेले असते, इतकेच.

आणि खोलीचाच सारा प्रश्न आहे. साडी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ साली उष्णतेच्या यंत्रांविषयी जे सिद्धान्त मांडले, त्यांवरून अशा मोटेची कमाल मर्यादा काढता येते. बाहेर शून्य अंश असून घरात ३५ अंशांची ऊब पुरवावयाची असेल, तर आदर्श यंत्र एका युनिटास सुमारे पावणेनऊ युनिटे उचलील. बाहेर उणे वीस झाले की तोच आकडा साडेपाचांवर येतो. त्यातच, घरातील लोखंडी रेडिएटरांस ३५ ऐवजी ५५ अंशांचे पाणी हवे असेल तर तो साडेचारांच्याही खाली उतरतो. प्रत्यक्ष यंत्र आदर्श यंत्राच्या निम्म्याइतके किंवा त्याहून कमीच काम करते. म्हणून व्यवहारात सौम्य थंडीत तिप्पट-चौपट, कडक थंडीत दुप्पट आणि अतिशीत हवेत त्याहूनही थोडे कमी, असे फळ पदरात पडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरनिराळ्या देशांतील चालू यंत्रांची प्रत्यक्ष मोजमापे एकत्र केली होती. उणे दहा ते अधिक पाच अंशांच्या हवामानात हवेतून उष्णता घेणाऱ्या यंत्रांची सरासरी सुमारे पावणेतीन पट भरली. उणे तीस अंशांच्या जवळपासही चांगली यंत्रे साध्या विजेच्या तापकाहून सरस ठरली. तात्पर्य, "कडक थंडीत हे यंत्र चालतच नाही" असे म्हणणारे चुकतात, आणि "सर्व ऋतूंत तिप्पट" असे म्हणणारेही चुकतात.

ही युक्ती आजकालची आहे असा समज असल्यास तोही दूर करावयास हवा. लॉर्ड केल्विन या नावाने पुढे विख्यात झालेले विल्यम टॉमसन यांनी १८५२ साली, यंत्राच्या साहाय्याने बाहेरची उष्णता उपसून इमारती तापविता येतील आणि त्यास कोळसा कमी लागेल, असे गणिताने दाखवून दिले होते. १८५६-५७ च्या सुमारास पेटर फॉन रिटिंगर यांनी ऑस्ट्रियातील एबेनझे येथील मिठाच्या कारखान्यात खारे पाणी आटविण्यासाठी या तत्त्वावरील यंत्र उभारले. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक शहराचे नगरभवन १९३८ पासून लिम्माट नदीच्या पाण्यातील उष्णता उपसून तापविले जाऊ लागले, आणि ती मूळ यंत्रसामग्री २००१ पर्यंत सेवेत होती. कोळसा परदेशाहून आणावा लागे आणि नदी तर दारातून वाहत होती. ज्याच्यापाशी इंधन नाही त्यास अक्कल लवकर सुचते, असे म्हणावयाचे.

आता आमची हकीकत. आमचे घर सत्तरच्या दशकात बांधलेले, लाकडी, दुमजली. २००९ साली आमच्या तीर्थरूपांचे निधन झाल्यावर आम्ही मातोश्रींस आमच्याकडे आणले. तेव्हा त्यांचे वय चौऱ्याहत्तर होते. त्यांना जिना चढणे होत नसे, म्हणून त्यांचा पलंग दिवाणखान्यात घालण्याचे ठरले. पलंगास जागा करण्यासाठी आम्ही बिडाची शेगडी काढून टाकली. विस्तवाजवळ म्हातारे माणूस नको, असाही विचार त्यात होता. त्याच सुमारास एका विक्रेत्याने आमच्या हाती हीट पंपाचे पत्रक दिले. किंमत माफक आणि वचन तिप्पट उष्णतेचे. आम्ही हुरळून गेलो. यंत्र घेतले, आणि त्याच्या भरवशावर भिंतीवरील जुने तापकही एक सोडून सर्व उतरविले. पत्रकाच्या पाठीमागे बारीक अक्षरांत लिहिले होते की हे यंत्र उणे १५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी आहे. ते आम्ही वाचले नाही. जो मनुष्य कारखान्यात प्रत्येक यंत्राची पुस्तिका अथपासून इतिपर्यंत वाचतो, त्याने घरच्या यंत्राची चार ओळींची सूचना वाचू नये, याला काय म्हणावे?

बसविणाऱ्याने बाहेरचा भाग पागोळ्यांखाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर ठोकला. आम्ही काही बोललो नाही. या यंत्राचा एक स्वभाव असा की, बाहेरच्या थंड नळ्यांवर हवेतील दमटपणाचे बर्फ साचते. ते वितळविण्यासाठी यंत्र मधूनमधून काही मिनिटे उलटे चालते आणि बर्फाचे पाणी खाली ठिबकते. त्या पाण्यास वाट नव्हती. नोव्हेंबर-डिसेंबरात ते यंत्राखालीच गोठत गेले, वरून पागोळ्यांची भर पडली, आणि बर्फाचा ढीग हळूहळू पंख्याच्या पात्यांपर्यंत चढला. २०१० च्या जानेवारीत थंडीची मोठी लाट आली. एका रात्री बाहेर उणे पंचवीसच्या आसपास पारा होता. त्या रात्री पाते बर्फावर आपटून मोडले आणि यंत्र बंद पडले. आम्ही वरच्या मजल्यावर दुलया पांघरून गाढ झोपलो होतो. पहाटे पाचला सौ. पाणी घेण्यास खाली आल्या, तेव्हा दिवाणखान्यात अकरा अंश तापमान होते. मातोश्री पलंगावर दोन शाली आणि गोधडी गुंडाळून भिंतीस टेकून बसल्या होत्या. त्यांना केव्हाच जाग आली होती. हाक का मारली नाही, असे विचारता म्हणाल्या, "तुम्ही दिवसभर दमता. म्हटले, होईल सुरू."

हे वाक्य आजही आमच्या कानांत आहे.

शेजारी एक वृद्ध नॉर्वेजियन गृहस्थ राहत. पेशाने सुतार. त्यांनी काही न विचारता मातोश्रींस आपल्या घरी नेले आणि शेगडीशेजारच्या खुर्चीत बसविले. त्यांना एकमेकांचा एक शब्दही कळत नव्हता. पुढे अकरा दिवस मातोश्रींच्या छातीत कफ होता आणि ज्वर येत होता. परमेश्वरकृपेने त्या बऱ्या झाल्या. पण ते अकरा दिवस आम्ही कसे काढले ते आमचे आम्हांस ठाऊक. दोष विक्रेत्याचा होता, बसविणाऱ्याचाही होता. परंतु विचारपूस न करता भरवसा टाकणारे आम्ही होतो, आणि घरातील दुसरा विस्तव आम्हीच विझविला होता.

त्या सुतारबुवांनी पुढील उन्हाळ्यात आम्हांस जे शिकविले, तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

पहिला धडा घराचा. त्यांनी एका वाऱ्याच्या दिवशी मेणबत्ती पेटवून ती खिडक्यांच्या चौकटींवरून, दाराच्या उंबरठ्यावरून आणि माळ्याच्या झडपेखालून फिरविली. जेथे जेथे ज्योत वाकली तेथे तेथे खडूने खूण केली. सत्तावीस खुणा झाल्या. मातोश्री हे पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "पाट असा फुटका असल्यावर मोटेने किती पाणी ओतावे?" ते वाक्य आम्ही भाषांतर करून सांगितल्यावर सुतारबुवा मोठ्याने हसले. फटी बुजविल्या, माळ्यावर काचेच्या लोकरीचा जाड थर अंथरला, दोन जुन्या खिडक्या बदलून तिहेरी काचांच्या बसविल्या. उष्णतेची गळती थांबविणे हे पहिले काम आणि यंत्र हे दुसरे. हा क्रम उलटला की मोठे यंत्र घ्यावे लागते, अधिक वीज जाते आणि तरीही पाय गारच राहतात.

दुसरा धडा मापाचा. घरात वीस अंश हवे असतील आणि बाहेर शून्य असेल, तर घरातून जितकी उष्णता बाहेर जाते, तिच्या दुप्पट ती बाहेर उणे वीस असताना जाते. म्हणजे थंडी वाढली की गरज दुणावते आणि नेमक्या त्याच वेळी यंत्राची शक्ती उतरते. विहीर खोल गेली की बैल दमतात, आणि पिकास पाणी तर अधिक हवे असते. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलेली शक्ती बहुधा अधिक सात अंशांच्या हवेतील असते. तो आकडा पाहून यंत्र घेऊ नये. आपल्या गावच्या सर्वांत कडक रात्री ते किती उष्णता देईल, हा आकडा विक्रेत्याकडून लेखी मागावा. अलीकडे अशा हवामानासाठी मुद्दाम केलेली, उणे २५ किंवा उणे ३० अंशांपर्यंत चालणारी यंत्रे मिळतात, आणि गरजेप्रमाणे वेग कमी-अधिक करणारे कॉम्प्रेसर त्यांत असतात. तथापि वाजवीपेक्षा फार मोठे यंत्रही घेऊ नये. ते सौम्य दिवसांत वारंवार चालू-बंद होत राहते आणि लवकर झिजते.

तिसरा धडा जागेचा. बाहेरचा भाग भिंतीवरील कंसावर किंवा पायांवर, त्या गावी साचणाऱ्या बर्फाच्या उंचीहून वर असावा. त्यावर लहानसे छप्पर असावे, पागोळ्या त्यावर पडू नयेत आणि वितळलेल्या पाण्यास न गोठता वाहून जाण्याची वाट असावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. बर्फ फार साचते ते उणे पंचवीसच्या कोरड्या हवेत नव्हे, तर शून्याच्या आसपासच्या दमट हवेत. म्हणून ज्या गावची थंडी बेताची आणि हवा ओलसर, त्यांनी याबाबत अधिकच दक्ष राहावे.

चौथा धडा दुसऱ्या विस्तवाचा. यंत्र कितीही उत्तम असले तरी ते विजेवर चालते आणि यंत्र आहे म्हणून केव्हातरी बिघडते. वर्षातील चार-दोन रात्रींसाठी प्रचंड यंत्र घेण्यापेक्षा, मध्यम यंत्र आणि जोडीला विजेचा तापक किंवा लाकडाची शेगडी ठेवणे शहाणपणाचे. आम्ही शेगडी पुन्हा बसविली. मातोश्रींचा पलंग तिच्यापासून पाच हातांवर, खिडकीकडून भिंतीकडे सरकविला. त्यासाठी आमचे लिहिण्याचे टेबल गेले. ते आधीच का सुचले नाही, याचे उत्तर आमच्यापाशी नाही.

२०१० च्या शरद ऋतूत नवे, त्या हवामानास योग्य असे यंत्र बसविले. त्या वर्षीचा डिसेंबरही अतिशय थंड गेला. एका रात्री पारा पुन्हा उणे वीसच्या खाली गेला तेव्हा आम्ही दोघे झोपलोच नाही. तासातासाने खाली येऊन पाहत होतो. मातोश्री घोरत होत्या आणि दिवाणखान्यात वीस अंश होते. त्या वर्षापासून विजेचे बिलही ठळकपणे उतरले. परंतु त्या रात्री बिलाचा विचार कोणाच्या मनात होता!

हा एका घरापुरता अनुभव झाला. व्यापक चित्र पाहिले तरी ते याहून निराळे नाही. आजमितीस नॉर्वेत शंभरांपैकी सुमारे साठ घरांत हीट पंप आहेत, आणि स्वीडन व फिनलंडमध्ये हे प्रमाण चाळीसांहून अधिक आहे. युरोपातील सर्वांत थंड देशांतच या यंत्राचा प्रसार सर्वांत जास्त व्हावा, ही गोष्टच पुष्कळ शंकांचे उत्तर आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर स्वीडनने या दिशेने पावले टाकली आणि १९९१ साली इंधनाच्या धुरावर कर बसविला. नॉर्वेने २०२० च्या आरंभापासून खनिज तेल जाळून इमारती तापविण्यास बंदी केली. जानेवारी २०२४ मध्ये नॉर्वेच्या उत्तरेस काउतोकाइनो येथे उणे ४३ अंशांच्या खाली पारा गेला. तशा थंडीत हवेतून उपसा करणारे यंत्र एकट्याने पुरत नाही हे खरे, पण तेथील माणसे ते जाणूनच लाकडाचा साठा करून ठेवतात.

ज्यांस अधिक खर्च झेपतो, ते हवेऐवजी जमिनीतून उष्णता घेतात. खडकात शंभर-दोनशे मीटर खोल छिद्र पाडून त्यात न गोठणाऱ्या द्रवाची नळी सोडतात. खडकाचे तापमान बारमाही जवळजवळ एकसारखे राहते, त्यामुळे कडक थंडीतही ही विहीर हवेच्या विहिरीसारखी खोल जात नाही. ओस्लोजवळच्या ड्रामेन शहराने तर २०११ पासून फियॉर्डच्या थंड पाण्यातील उष्णता अमोनियाच्या यंत्रांनी उपसून, ९० अंशांपर्यंत तापविलेले पाणी नळांवाटे शहरातील इमारतींस पुरविण्याची व्यवस्था केली आहे. अमेरिकेच्या ईशान्येकडील मेन या थंड राज्याने २०१९ साली असा संकल्प केला की २०२५ पर्यंत एक लक्ष हीट पंप बसवावयाचे. तो संकल्प २०२३ सालीच पुरा झाला.

येथवर गुण सांगितले. आता जेथे हे यंत्र परवडत नाही तेही सांगितले पाहिजे, अन्यथा आम्ही आणि तो पत्रकवाला यांत भेद राहणार नाही. सारा हिशेब विजेच्या आणि इंधनाच्या भावांवर अवलंबून आहे. नॉर्वेत पूर्वी वीजच जाळली जात होती, म्हणून एकाचे तीन झाले की लाभ उघड दिसतो. ब्रिटनमध्ये मात्र विजेचे युनिट नळाने येणाऱ्या गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट महाग पडत आलेले आहे. तेथे तिप्पट उचलणारे यंत्र धूर कमी करील, पण बिल कमी करीलच असे नाही. अमेरिकेच्या मध्यभागातील ज्या गावांत गॅस स्वस्त आहे, तेथेही हीच गोष्ट. शिवाय जुन्या घरांतील रेडिएटर ७० अंशांच्या पाण्यासाठी योजलेले असतात. ते न बदलता हीट पंप जोडला तर मोट फार उंच ओढावी लागते आणि फळ उतरते. मोठे रेडिएटर किंवा जमिनीखालील नळ्या, की ज्यांस ३५-४० अंशांचे पाणी पुरते, त्या या यंत्राच्या खऱ्या जोडीदार होत. आणखी एक सावधगिरीची सूचना. नळ्यांत फिरणारे जुने द्रव वातावरणात निसटले तर पृथ्वीची उष्णता वाढविण्यास फार हातभार लावतात. प्रोपेनमध्ये तो दोष नगण्य आहे, पण तो ज्वालाग्राही आहे. म्हणून नळ्या उघडण्याचे काम परवानाधारक कारागिरावाचून कोणीही करू नये, मग तो अभियंता का असेना.

ज्ञातिबांधवहो, ज्यांची मुले थंड मुलुखात आहेत, त्या आईवडिलांनी तेथे गेल्यावर मुलांस पाच प्रश्न विचारावेत. घराच्या फटी तपासल्यास का? सर्वांत कडक रात्रीचा आकडा लेखी घेतलास का? बाहेरचे यंत्र बर्फाच्या वर आहे का? विजेचा आणि गॅसचा भाव मांडून पाहिलास का? आणि ते यंत्र बंद पडले तर दुसरा विस्तव कोणता? हे विचारण्यात संकोच मानू नये. आपल्या पिढीच्या वडीलधाऱ्यांचा स्वभाव असा की मुलांस त्रास नको म्हणून मुकाट्याने सोसावे. गारठलेल्या खोलीत गप्प बसणे हे वात्सल्य खरे, पण त्याने मुलांच्या मनास जो घोर लागतो तो आयुष्यभर जात नाही. थंडी वाजली तर खुशाल हाक मारावी, रात्री तीन वाजता मारावी, हे आमचे हात जोडून मागणे आहे.

मातोश्री त्यानंतर चार हिवाळे आमच्याकडे राहिल्या आणि पुढे गावी परतल्या. आज त्या हयात नाहीत. त्या घरातील यंत्रास आमच्या घरची लहानथोर मंडळी अजूनही "आजीची मोट" असेच म्हणतात.